राजधानीचं कुलूप

गोजरबाई आमच्याकडे भाजी घेऊन येते त्याला आता पंधराएक वर्षं होत आली. बीबी गावाच्या रस्त्याला तिची वाडी आहे. ती आणि तिचा नवरा कडूबा, दोघं मिळून वांगी, मेथी, पालक आणि सांबार पिकवतात. कोथिंबिरीला सांबार म्हणायचं हे मला लग्न होऊन आसेगाव राजाला आल्यावर तिनेच शिकवलं. "तुमच्या कालेजात नोयतं का सांबार, वकिलीणबाई?" असं वर विचारलंही होतं.

रविवारचा बाजार वेशीजवळ भरतो. गोजरबाईची जागा तिच्या लग्नापासून ठरलेली. सासूने बसवलं तिथेच ती आजवर बसते. पहाटे बैलगाडीने यायचं आणि दिवस मावळल्यावर परत जायचं. एवढ्या वेळात बायांनी जायचं कुठे, हा प्रश्न आमच्या शहरात कधी कुणी विचारला नव्हता. वेशीला लागून जुनी दगडी धर्मशाळा आहे, तिच्या मागची भिंत पडलेली, आत घाणेरीची झुडपं. बाजारच्या सगळ्या बायांचा आडोसा तोच. मुलींची शाळाही त्याच गल्लीत, तिथेही संडास नाही. माझी मंदा सातवीत आहे. शाळेच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. तिला लघवीला जळजळ होते, डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी पाजा. कसं पाजू?

अशात नागपूरच्या एका संस्थेने जाहीर केलं की, नव्या महाराष्ट्रात दर वर्षी विदर्भातल्या एका जुन्या शहराला सांस्कृतिक राजधानीचा मान द्यायचा. आमच्याकडे बारव आहे, वेस आहे, यादवांच्या काळातलं देऊळ आहे. लगेच समिती झाली. सरकी-तेलाचे व्यापारी भाऊराव अध्यक्ष झाले आणि बायकांच्या वतीने मला घेतलं.

गोजरबाईला ही बातमी मीच सांगितली. तिने टोपली खाली ठेवली.

"राजधानी झाली तं काय होते?"

"बाहेरगावची माणसं बघायला येतात. एसटीच्या गाड्या वाढतात. बाजार वाढतो."

"मंग होऊच द्या. मेथी दुपारीच खपून जाईन." टोपलीतली मेथी तिने सारखी केली. "पण बाजार वाढला तं बाया वाढतीन. त्या जातीन कोठी?"

मी हसले. समिती पुढे काय करणार आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

समितीने पहिलं काम केलं ते धर्मशाळेचं. झुडपं तोडली, दगड घासले आणि मागच्या अंगाला विजेचे खांब उभे केले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा भाऊरावांनी पेढे वाटले. दुसऱ्या रविवारी गोजरबाई भाजी न देताच दारात उभी राहिली.

"दिवसा झाडी नाई, अंधारात अंधार नाई. कोण्या शहाण्याचं डोस्कं हाय हे?"

मी समितीच्या बैठकीत बोलले. पुरुषांनी पानाचं तबक एकमेकांकडे सरकवलं. एकाने विषयाला "नाजूक" म्हटलं. शेवटी एक गोष्ट कामी आली. संस्थेकडून पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांत दोन बाया होत्या, आणि त्यांचं काय, हे भाऊरावांना सुचलं नव्हतं. महिनाभरात धर्मशाळेच्या बाजूला तीन संडास, एक मोरी, पाण्याची टाकी आणि बाहेरून एकच दार, असं सगळं झालं. आणि दाराला कुलूप. किल्ली भाऊरावांच्या दुकानात.

"बाजारच्या बायांना कधी उघडणार?" मी विचारलं.

"वहिनी, पाहुणे येऊन जाऊ द्या. आताच घाण झाली तर सगळं मुसळ केरात."

पाहुणे रविवारी आले, मुद्दाम बाजार पाहायला. सकाळची वेळ, टोपल्या नुकत्या उघडलेल्या. भाऊराव पाहुण्यांना घेऊन थेट गोजरबाईपाशी थांबले, कारण तिची भाजी सगळ्यांत ताजी असते आणि ती चारचौघांत बोलायला घाबरत नाही. मागे छायाचित्रकार होता.

"गोजरबाई, आज भवानी माझ्या हातची! दे मेथीच्या चार जुड्या."

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात. भवानीचं गिऱ्हाईक कुणी परतवत नाही. तोटा सोसतात, पण परतवत नाहीत. नाही तर दिवसभर टोपलीला हात लागत नाही, अशी समजूत आहे. गोजरबाईने दोन्ही हात मेथीवर ठेवले.

"इकायची नाई."

भाऊराव हसले. "काऊन वं? पैसे देऊन राह्यलो ना!"

"कुलूप काढा. मंग भवानी."

ते शेजारी झुंबरबाईकडे वळले. तिच्या घरी दुखणाईत सून, आणि ही भवानीची वेळ. तरी तिने वांग्यांवर पदर टाकला. पुढच्या बाईने टोपलीवर पोतं ओढलं. पाहुण्यांपैकी एका बाईने मला विचारलं, "कसलं कुलूप?" मी सांगितलं. अगदी मोठ्याने सांगितलं.

दुकानातून किल्ली आली. दार उघडलं. आधी पाहुण्या बाया गेल्या, मग बाजार गेला. त्या दिवशी भाऊरावांनी मेथी घेतली आणि छायाचित्रही निघालं.

मान आम्हाला मिळाला. निवाड्यात बारवेचं कौतुक होतं, देवळाचं होतं, आणि एक वाक्य असंही होतं की, बाजारातल्या स्त्रियांसाठी अशी सोय दुसऱ्या कुठल्याही शहरात आढळली नाही. भाऊरावांनी ते वाक्य सत्काराच्या सभेत दोनदा वाचून दाखवलं. त्याच्या पुढच्या रविवारी कुलूप परत लागलं होतं.

"आता तर जपायलाच हवं, वहिनी. नाव झालंय त्याचं."

मानाचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. खामगावहून थेट गाडी सुरू झाली. सुट्टीला माणसं येतात, बारवेच्या पायऱ्यांवर बसून डबे खातात. वाचनालयाला खोली मिळाली. गोजरबाईची मेथी खरंच दुपारी संपते. बाजारात नव्या बाया बसू लागल्या. आणि त्या सगळ्या पोटात कळ दाबून बसतात, कारण ज्या सोयीसाठी शहराचं नाव झालं ती सोय नाव राखण्यासाठी बंद आहे. मी दुकानात जाऊन किल्ली मागितली, दर वेळी चहा मिळाला. माझे यजमान म्हणाले, अर्ज कर. मी म्हटलं, अर्जाचं उत्तर येईपर्यंत मंदाचं लग्न होईल.

गोजरबाईने अर्ज केला नाही. परवाच्या रविवारी तिने कडूबाला गाडीतून पहार आणायला लावली. त्याने बिजागऱ्या सैल करून दिल्या आणि बैलांकडे निघून गेला. मग बायांनी दार उचललं, कुलपासकट, आणि भर बाजारातून नेऊन भाऊरावांच्या दुकानाला टेकवून उभं केलं.

"हे काय?" भाऊराव गादीवरून उठले.

"तुमचं दार. जपून ठेवा," गोजरबाई म्हणाली. "कुलपाले आमी हात नाई लावला."

आता तिथे तरटाचा पडदा आहे. टाकी बाया आपापल्या घागरींनी भरतात, झाडूची पाळी त्यांनीच लावली आहे. शाळेच्या मुलीही जातात. समितीने माझ्या विरोधाला न जुमानता नवं दार मंजूर केलं, तेही सागवानी. आज गोजरबाई आली तेव्हा मी घाबरतच तिला सांगितलं.

"बसवू द्या," ती मेथी निवडता निवडता म्हणाली. "सागवान वजनाले भारी रायते. पण आमी बाया बी आता लय झालो."