फळीपलीकडचा भाऊ

टोंगा देशातल्या हाअपाईच्या एका बेटावर लेसिएलीसारखी चटई विणणारी दुसरी बाई नव्हती. केवड्याच्या पानांच्या पट्ट्या घेऊन सकाळी बसली, की उठायला लागू नये म्हणून पाणीसुद्धा प्यायची नाही. मग पोट कुठून साफ होणार? ऑकलंडच्या लेकीनं जुलाबाच्या गोळ्या पाठवल्या. पहिली घेतली आणि सकाळी बाई एकदम हलकी. झालं, रोजची सवय लागली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

बेटावर दवाखाना होता, पण तिथं औषधपाणी बघणारा सितिवेनी पडला तिचा भाऊ. तसा चुलत, पण टोंगात चुलत-सख्खं कोण बघतं? बहिणीपुढं भावानं वावगा शब्द काढायचा नाही. बहिणीनं भावाला पोटाखालचं दुखणं सांगायचं म्हणजे तर मेल्याहून मेल्यासारखं.

एक दिवस ती विणता विणता चक्कर येऊन पडली. बायकांनी उचलून दवाखान्यात आणली, तर भावाला म्हणते कशी, डोकं दुखतंय. अगं बाई, डोकं कसलं! सितिवेनीनं तिचे सुकलेले ओठ बघितले, पोटावरचा हात बघितला, आणि गुपचूप बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आत बायकोला, पिसिलाला पाठवलं.

मधे फळीची भिंत. तो विचारायचा, पिसिला तेच नणंदेला विचारायची आणि उत्तर बाहेर नेऊन द्यायची. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, पण कुणी तसं दाखवलं नाही. गोळ्यांचं कळलं तेव्हा तो हळूच म्हणाला,

"तिला सांग, ही गोळी रोजची नाही. अडलंच तर थोडे दिवस, डबीवर लिहिलीय तेवढीच, झोपताना. सकाळपर्यंत वाट बघायची, वर दुसरी टाकायची नाही. रोज घेऊन अंगातलं पाणी आणि क्षार जातात, त्यानंच चक्कर आली. पाणी पी, पपई खा, मधूनमधून उठून चाल म्हणावं."

पिसिलानं सगळं सांगितलं.

"आणि पोटात जोराची कळ, उलट्या, किंवा..." तो अडला. "किंवा रक्त पडत असेल, तर गोळी अजिबात नाही. ते लपवायचं नाही म्हणावं. माझ्या लाजेपायी माझी बहीण गेली, तर मी कसा जगू?"

हे काही पिसिलाच्यानं पोचवणं झालं नाही. लेसिएलीनं पांघरूण तोंडावर ओढलं आणि पोटभर रडली. किती जीव होता त्याचा तिच्यावर, आणि ती त्याच्यापासूनच लपून बसली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "त्याला सांग. महिना झाला, रक्त पडतंय."

पिसिला ओट्यावर आली तर ओटा रिकामा. तो किनाऱ्यावर उभा राहून होडीवाल्याला हाका मारत होता.

मोठ्या बेटावरच्या इस्पितळाकडं होडी निघाली. लेसिएली पिसिलाला टेकून बसली, आणि तिच्यापुढं सितिवेनी, रीतीप्रमाणे पाठ करून. तसाच पाठमोरा राहून त्यानं हात मागं केला आणि पाण्याची बाटली पुढं धरली. ती घेईपर्यंत त्यानं हात खाली केला नाही.