मागून आणलेली लोकर

एकाहत्तर सालच्या वैशाखात, वर्ध्यात डांबर पाघळत असताना, आमच्या गल्लीत एक बाई दारोदार लोकर मागत फिरत होती. ती शेजारची आनंदाबाई. डोक्यावर पदर ओढून उंबऱ्याशी उभी राही आणि हळूच म्हणे, "लेकराचं जुनं स्वेटर असन तं द्या वो. विकतची लोकर नाई पायजे मले."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिची कोकिळा रोहण्याला दिलेली. दोन बाळं झाली, दोन्ही महिन्याच्या आत गेली. आता तिसऱ्यांदा दिवस होते. आमच्याकडे अशा बाळाला घरचं, नवं काही घालत नाहीत. जिथं मुलं नांदती आहेत त्या घरांतून मागून आणतात. कुणी झबली मागतं, कुणी टोपडी. आनंदाबाईला क्रोशा येत होता, म्हणून तिनं लोकर मागितली.

उसवलेली लोकर कुरळी असते, जुने टाके विसरत नाही. आनंदाबाई ती भिजवून दोरीवर टाकायची आणि ती सरळ व्हावी म्हणून खाली तांब्या बांधायची. अंगणभर रंगीत लडी संथ हलत राहायच्या.

"लोक पापड वाळवतात," तिचे यजमान नानाजी म्हणत, "अन् हे बाई हिवाळा वाळवून राह्यली!"

मग कडुनिंबाखाली सुई फिरू लागे. आधी मध्ये इवलंसं कडं, त्याच्याभोवती तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, पुंजके, कोपऱ्यावर वळण, पुन्हा फेरी. एका घराचा एक चौकोन. गल्लीतली सोळा घरं, सोळा चौकोन आणि प्रत्येकाला काळी कड, बाळाच्या गालावरच्या तिटेसारखी. मी सात वर्षांची होते. तिच्याजवळ बसून बघता बघता डोळे जड होत आणि चौकोन पाण्यावरच्या वलयांसारखे पसरत जात.

पंधरा झाले. सोळावं घर आमचं होतं.

माझं लाल स्वेटर आईनं पेटीत तळाशी ठेवलं होतं. आदल्या वर्षीच्या टायफॉइडमधून मी ते घालूनच उठले होते.

"पोरीचं नशीब उसवून देऊ काय, आनंदाबाई?" आई म्हणाली. "राग नका येऊ देऊ."

"राग कायचा, देवकाबाई? मागणं माझं, देणं तुमचं."

नानाजींनी दुसऱ्या गल्लीतून लोकर आणायला सुचवलं. ती म्हणाली, "मागितलेलं घर वलांडू नाई." आणि कोपरा रिकामाच ठेवून तिनं पांघरूण जोडलं.

मार्गशीर्षात कोकिळेला माहेरीच मुलगी झाली. आई मला घेऊन बघायला गेली. बाळ त्या रंगांत गाढ झोपलं होतं. फक्त एक पाय, जिथं चौकोन नव्हता तिथून, बाहेर आला होता. आईनं तो मुठीत धरला. गार होता. ऊब येईपर्यंत तिनं तो सोडला नाही. कोकिळा तिच्याकडे बघत होती.

घरी येऊन आईनं पेटी उघडली आणि उलट पावली स्वेटर घेऊन गेली.

"एक बाही घ्या. सगळं नाई," ती म्हणाली. "अन् हिले दुसरी विणून द्या, उरलेल्या लोकरीची."

"उरलेली तं पंधरा घरची हाय वो! ध्यान दिसन पोरगी."

"दिसू द्या. पंधरा घरचं नशीब कोण देते फुकट?"

कोकिळा हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

महिना सरला. तोवर ते घर दिवस मोजत होतं, आमचंही. सव्वा महिन्याची होऊन मुलगी रोहण्याला निघाली, तेव्हा सगळी गल्ली एसटी स्टँडवर गेली. खिडकीत कोकिळा, मांडीवर पांघरूण आणि त्याच्या कडेला लाल कोपरा. गाडी सुटली. मी नव्या बाहीचा हात हलवला. पंधरा रंगांचा.