सायकलचं माहेरपण

गिऱ्हाइकाच्या हाती सायकल दिली की काका सीटवर थोपटायचे आणि हळूच म्हणायचे, "जा छोरी." मग तडक पाठ फिरवून दुकानात शिरायचे. सायकल जाताना बघत उभं राहणं त्यांना जमत नसे. "मले रडू येते बाप्पा," म्हणायचे, आणि खरंच दुपट्ट्यानं डोळे पुसायचे. हसू नका. मी हसले होते, म्हणून सांगते.

आमची कंपनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली, छोटीशी. आम्ही बॅटरीवर चालणाऱ्या सायकली बनवतो. विक्रेते आणि तक्रारी हे माझं खातं; म्हणजे दिवसभर कोणाचं ना कोणाचं ऐकून घ्यायचं. मालकांनी ब्रँडचं इंग्रजी नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. ते घाटंजीत कोणालाच धड म्हणता येईना. तिथे ती नुसती 'काकांची गाडी'.

काका म्हणजे आमचे घाटंजीचे विक्रेते. मूळ बंजारा तांड्यावरचे, आधी काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. जाड मिशा, मोठा आवाज, आणि बढाई मारण्यात तर विचारू नका. पण 'विकली' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. फोन यायचा, "ताई, आज पारव्याले पोरगी देली. घर चांगलं हाये. ओसरीतच बोर्ड हाये, चार्जिंगची चिंता नाही."

माझं डोकं फिरायचं. एकदा सुनावलंच मी, "काका, मुलगी काय वस्तू आहे का द्यायला?"

"वस्तू असती तं इकली असती अन् मोकळा झालो असतो," ते शांतपणे म्हणाले. "देली, म्हणून तं पाहाले जातो."

आणि ते खरोखर जायचे. महिनाभरानं त्या घरी जाऊन सायकलभोवती एक फेरी मारायचे, ब्रेक दाबून बघायचे, चहा प्यायचे. सायकल चिखलानं भरलेली दिसली की घरच्यांवर असे रुसायचे, की सासरच्यांनी वरमून फडकं आणावं. सर्व्हिसिंगला त्यांनी नाव ठेवलं होतं माहेरपण. "आखाडात माहेरपणाले धाडजा," असं प्रत्येकाला बजावायचे. आमच्या वॉरंटी कार्डावरचं एक अक्षर कोणी वाचलं नसेल, पण हे सगळ्यांच्या ध्यानात राहायचं.

त्यांना बोलायला बाजारचा दिवस कमी पडायचा. तिथेच एकदा घोळ झाला. पारव्याची एक बाई शेजारच्या गावच्या शेतात निंदणाला जायची. वाटेत नाला. तिनं विचारलं, "पाण्यात चालते का जी?"

"म्हशीवानी!" काका गरजले. "बिनधास्त घाला."

भोवतीच्या बाया हसल्या, आणि पुढे सगळ्यांनी आपापल्या सायकली पाण्यात बिनधास्त घातल्या. श्रावणात माझा फोन थांबेना. कोणाची सायकल नाल्यात बंद, कोणाची घरी येऊन बंद. पेडलपाशी खाली असलेल्या डब्यात पाणी शिरून आतली वायरिंग जळाली होती.

मालकांनी पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. "स्पष्ट लिहिलंय, पाण्यात घालू नये. चूक गिऱ्हाइकांची. हे सगळं फुकट दुरुस्त करत बसलो तर कंपनी दिवाळी बघणार नाही."

तेही खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी फाटकात एक पिकअप येऊन उभी राहिली. मागे सायकली, एकमेकींना दोरीनं बांधलेल्या, आणि पुढे काका. गावोगाव हिंडून गोळा करून आणल्या होत्या.

मालक बाहेर आले. "काका, नाल्यात घाला म्हणून सांगितलं कोणी यांना?"

"म्या," काका म्हणाले. मिशी खाली, आवाज खाली. असे काका मी कधी पाहिले नव्हते. "चूक माही हाये, साहेब. थ्या बायांनी पुस्तक कायले वाचाव? त्यांनी माह्या तोंडाकडं पाह्यलं. आता पोरी दारात आल्या. दार लावून घेता काय?"

मालकांनी बाह्या वर केल्या आणि पिकअपची दोरी सोडायला लागले. मला त्या क्षणी दोघांचाही फार अभिमान वाटला, आणि कंपनीची काळजीही वाटली.

डबा सीटखाली वर घेतला, त्याला रबराचं सील बसवलं. पुढे प्रत्येक सायकल तशीच निघू लागली. काका मात्र परत नेताना अडून बसले. प्रत्येक बास्केटमध्ये नारळ ठेवल्याशिवाय पिकअप हलू देईनात. "माहेरून रिकामी धाडाव काय?"

दिवाळी आम्ही पाहिली. पुढच्या हंगामात त्याच बाया आपल्या नणंदांना, जावांना घेऊन दुकानात आल्या. आमचा ब्रँड वाढला तो असा. जाहिरातीच्या बैठकीत हे कसं मांडावं, मला अजून सुचलेलं नाही.

या हिवाळ्यात काका गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मुलं बाहेरगावी, दुकानात कोणी बसणारं नाही. मालक म्हणाले, "घाटंजी बंद करू. दुरुस्तीला लोक येतील लोहाऱ्याला."

दुकान रिकामं करायला मीच गेले. शटर अर्धं वर करून खोक्यांत सामान भरत होते. खुंटीवर त्यांचा दुपट्टा तसाच होता. तो खोक्यात ठेववेना.

बाहेर ब्रेक करकरला. वाकून पाहिलं, तर पारव्याची तीच नाल्यावाली बाई. सायकल धुऊन-पुसून लख्ख आणलेली. ती अर्ध्या शटरकडे बघत उभी होती.

"ताई, काका गेले थे ऐकलं," ती म्हणाली. मग सायकलच्या हँडलवर हात ठेवून म्हणाली, "आता हिचं माहेर तुटलं काय?"

मी शटर पूर्ण वर ढकललं, सायकल आत घेतली आणि मालकांना फोन लावला.

"दुकान रिकामं होत नाही म्हणजे?" ते म्हणाले. "का?"

"पोरगी माहेरी आलीय," मी म्हणाले.