कैद्याच्या अंगावरचं धोतर

लढाईच्या दिवसांत सरकारने आमच्या गावाबाहेरच्या पडीक जमिनीला तारेचं कुंपण घातलं आणि आत इटलीचे कैदी आणून ठेवले. खडी फोडायला त्यांना पहाऱ्यात बाहेर काढत. मी तेव्हा घरात नवी सून होते. म्हैस आटली की कैद्यांनी पाण्यात काही टाकलं, कपाशीवर कीड आली की त्यांची नजर लागली, असं गाव म्हणे. माझे यजमान छावणीत दूध घालत, म्हणून लोक आमच्याकडेही तिरकं बघत.

एक दिवस एक कैदी पळाला. तापीच्या काठी नावाड्याने त्याला ओळखलं आणि धरून दिलं. अंगावर धोतर होतं, पण नेसलेलं उलटंसुलटं, आणि पोटऱ्या उन्हाने लालभडक. फौजदाराने ते धोतर चावडीसमोर पसरलं आणि घरोघरच्या बायकांना बोलावून विचारलं, "कोणाचं हे?"

काठाशी निळ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ होतं. मीच लावलेलं. मी मान हलवली, "ठाऊक नाही." वर बघितलं तर यजमान माझ्याकडेच बघत होते. त्यांनीही ओळखलं होतं.

त्या दिवसापासून घरात बोलणं आटलं. दूध घालता घालता यांनीच दिलं असणार, असं मला वाटे. त्यांच्या मनात काय आहे ते आठवड्याने कळलं. मी शेतात भाकर घेऊन निघाले होते, तेव्हा यजमानांनी विचारलं.

"तू रोज छावणीना वाटवर जास ना?"

"जास. मंग काय?"

"काही नई."

त्या 'काही नई'ने माझ्या अंगाचा भडका उडाला. "दूध तुम्ही घालतस, आनि इचारतस माले?"

अंगणात सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "तिले काय इचारस? धोतर मी दिनं."



"तो आपला वावरमा पानी पेवाले येल व्हता. धोतर बांधवर ठेवं नि मी पाठ फिराई लिधी. मन्हा पोऱ्या बी तठे कोन्हा तरी कुंपणमा शे. त्याले कोनी काही देई का नई, माले काय माहित?"

माझा धाकटा दीर फौजेत होता, समुद्रापार कुठेतरी पकडला गेला होता. घरात त्याचं नाव निघालं की सासूबाई उठून जात. त्याच्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

यजमानांनी दूध घालणं चालूच ठेवलं. एकदम बंद केलं असतं तर संशय पक्का झाला असता. फौजदार दोनदा ओसरीवर येऊन बसला. सासूबाईंनी त्याला ताक दिलं आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "ते धोतर आमच्या घरचं नाही." मी दाराआडून ऐकत होते.

छावणी उठली, पुढे लढाईही संपली. दीर परत आला, हाडांचा सापळा होऊन. गावाने त्याला पहिलं काय विचारावं? तिकडे कोणाच्या हातचं खाल्लं, बाटला तर नाही ना. लग्नाच्या पंगतीत त्याला वेगळं बसवलं. यजमान उठले, स्वतःचं पान उचललं आणि भावाशेजारी जाऊन बसले. मी वाढत होते. भावाच्या पानाकडे हात करून त्यांनी मला हाक मारली, "आठे पहिलं वाढ."

माझ्यावर संशय घेतल्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मीही नाही.