मेहुण्याच्या सतरा फेऱ्या

उघडून आत बघण्याची खोड घड्याळजींना लहानपणापासूनच होती. धंद्याने तिला फक्त इभ्रत मिळवून दिली. त्यामुळे दुकानासमोर एक बाई घडीची खुर्ची मांडून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या कागदावर टिपू लागल्या, तेव्हा घड्याळजी पाचव्या मिनिटाला डोळ्यावरच्या भिंगासकट तिथे हजर झाले.

बाईंनी काही लपवलं नाही. नव्या रस्त्याचा विचार चालू होता, अजून सगळं कागदावरच. वर्दळ फार निघाली तर रस्ता गावाबाहेरून न्यायचा, नाहीतर हाच रुंद करायचा. कुठपर्यंत, असं विचारल्यावर बाईंनी पेन्सिल उचलून दाखवली. ती घड्याळजींच्या टेबलाच्या मधोमध येऊन थांबली. त्या टेबलामागे त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

पुढे त्यांनी काहीच विचारलं नाही. जन्मात एकदा कुतूहल आवरलं, तेही नको तिथे.

मेहुणा नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याच्याकडे स्कूटर होती. दाजींच्या शब्दाखातर तो दिवसभर चौकातून जात-येत राहिला. ओळखू येऊ नये म्हणून त्याने तीनदा शर्टही बदलला.

संध्याकाळी घड्याळजी चहा घेऊन गेले आणि सवयीने कागदात डोकावले. प्रत्येक गाडीपुढे तिचा नंबर होता. तो कशाला?

“दुसरा माणूस पाण्याच्या टाकीपाशी बसलाय,” बाई म्हणाल्या. “दोन्ही कागद ताडून बघतात. इथून शिरून तिथून बाहेर पडली, ती गाडी परगावची. इथेच घुटमळते, ती गावातली. तिला बाहेरचा रस्ता काय कामाचा? तिच्यासाठी हाच रुंद करायचा.”

घड्याळजींनी चहा खाली ठेवला आणि कागदावरच्या एका नंबरावर बोट ठेवलं.

“ती निळी स्कूटर आमच्या मेहुण्याची,” ते म्हणाले. “फेऱ्या मीच मारायला लावल्या.”

“मला वाटलं पत्ता शोधताहेत. अकराव्या वेळी मी विचारलंसुद्धा, कुठे जायचंय म्हणून.”

बाईंनी सतरा नोंदी शोधून खोडल्या, शेऱ्यात कारण लिहिलं आणि खाली घड्याळजींची सही घेतली. उरलेल्यांपैकी परगावच्या किती, हे टाकीकडचा कागद आल्याशिवाय बाईंनाही सांगता येणार नव्हतं. निकालाला तर दोन वर्षं.

दोन वर्षं थांबणं घड्याळजींच्या स्वभावात नव्हतं. शटर ओढून ते टाकीकडे निघाले. मेहुण्याने स्कूटर आडवी घातली.

“बसा दाजी, सोडतो.”

“नको, चालतच जातो,” घड्याळजी म्हणाले. “पायी जाणाऱ्याला त्यांच्या कागदात रकाना नाही.”