वांग्यांत उघडणारं फाटक

आमच्या घरात आता शेतकरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो शेतकरी म्हणजे मी. रत्नागिरीकडे आजोबांची थोडी कातळजमीन आहे आणि तिच्या सातबारावर चुलते, चुलतभाऊ, आत्या अशा गर्दीत माझंही नाव अंग चोरून उभं आहे. त्या जमिनीत गवतापलीकडे काही उगवत नाही. पण त्या नावाच्या जोरावर सरकार मला शेतकरी मानतं आणि शेतजमीन विकत घेऊ देतं. प्रत्यक्षात मी मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कात चौथ्या मजल्यावर राहतो आणि दर उन्हाळ्यात एक तुळस वाळवतो.

अशा या शेतकऱ्याने भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवरच्या एका गावात जमिनीचा तुकडा घेतला. नाव माझं, अक्कल मेहुण्याची. मेहुणा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. पूनम सागरला त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि पार्किंगच्या रेषा आखण्यात त्याची हयात गेली आहे. जमीन हातात आल्यावर लोक विहीर बघतात, माती बघतात. मेहुण्याने पहिल्याच दिवशी चारी बाजूंना बघून विचारलं, "कंपाउंड कुठाय?"

मग कंपाउंड झालं. दगडी, छातीएवढं उंच, वर काचा. आत गवत आणि एक आडवा पडलेला शेवगा, एवढीच मालमत्ता होती. तिला एवढा बंदोबस्त म्हणजे रिकाम्या डब्याला कुलूप. पण त्या वेळी मीही भिंतीला पाठ लावून फोटो काढून घेतला होता, तेव्हा फार हसायला मला तोंड नाही. समोरच्या बाजूला लोखंडी फाटक बसवलं, वर भाल्यांसारखी टोकं. फाटक थेट शेजारणीच्या वांग्यांत उघडायचं. कारण गावातली डांबरी गल्ली वांग्यांच्या पलीकडे होती आणि आमच्या फाटकापासून गल्लीपर्यंत होता फक्त बांध, एका माणसापुरता. एजंट म्हणाला होता, "पुढच्या पार्टीकडून एक पट्टा घेऊन टाका, किस्सा खतम." आम्ही फाटक आधी घेतलं, पट्टा राहिला.

तो पट्टा लागायची वेळ बाबांमुळे आली.

बाबांचं गॅलरीत एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप आहे. गावाहून बी आणून त्यांनी ते रंगाच्या बादलीत लावलं आणि ते इतकं वाढलं की बादलीला चीर गेली. जमीन घ्यायची कल्पना निघाली तेव्हा बाबा एकच बोलले होते, "रातांबा जमिनीत जाईल. मी लावीन." आपण लावू असं ते म्हणाले नव्हते. आमच्या हातची तुळस त्यांनी पाहिलेली आहे. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा वॉकरवर आले. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांना घेऊन गेलो, तर वॉकरचे चार पाय त्या बांधावर मावेनात. दोन बांधावर, दोन वांग्यांत. बाबा मध्येच अडकले. पुढे नेता येईना, वळवता येईना. शेवटी मी आणि रिक्षावाला, दोघांनी त्यांना कपाटासारखं उचलून मागे आणलं. बाबा रिक्षात बसले आणि बादली मांडीवर घेतली. घरी आल्यावर म्हणाले, "बादली यंदाचा पावसाळा काढणार नाही. आणि मी पुढचा काढीन का, ते तूच बघ."

म्हणून आम्ही शेजारणीकडे गेलो. मी, मेहुणा आणि काजूकतलीचा डबा.

मेहुण्याचं गणित गाडीतच तयार होतं. "गावातली म्हातारी आहे. दोन गोड शब्द, थोडं वर-खाली, की अंगठा देते बघ. तू फक्त बोलू नकोस, जावईबापू." मी नव्हतोच बोलणार. अशा वेळी मागे उभं राहून मान हलवणं हे माझं खास कौशल्य आहे.

म्हातारीचं घर दुमजली होतं. खाली गाळे, सगळे भाड्याने दिलेले. ओटीला संगमरवर. त्या संगमरवरावर पाय पसरून, गुडघ्यापर्यंत लुगडं आणि गळ्यात भरगच्च सोनं अशी ती मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिच्या ओटीची किंमत आमच्या दोघांच्या फ्लॅटांपेक्षा जास्त भरली असती. ते मेहुण्याच्याही लक्षात आलं, कारण डबा त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

आता आमची खास खोड. मिरा रोडला वीस-पंचवीस वर्षं राहून आमची जीभ अशी झाली आहे की अनोळखी माणूस दिसला की हिंदीच बाहेर पडते. मेहुणा हात जोडून म्हणाला, "माताजी, नमस्ते. हम आपके पीछेवाले हैं."

म्हातारीने मान वर केली. "पीछेवाले? पीछे तो भीत है."

"वो भीतवाले ही हम, माताजी. हमको आपका थोडा जगह मंगता है. रास्ते के वास्ते. आप बोलो क्या भाव."

ती एक मिरची निरखून बघत होती. मग मेहुण्याला सोडून तिने मला विचारलं, "ह्यो कोन? मराठी हाय का?"

"हो मावशी," मी म्हणालो. "माझा मेहुणा. आम्ही दोघंही मराठीच."

"मंग ह्यो माझ्याशी भय्यासारका कशाला बोलतंय?"

मेहुण्याने लगेच मराठी सुरू केली, आणि ती हिंदीपेक्षा वाईट निघाली. ॲक्सेस, म्युच्युअल, वन टाइम सेटलमेंट. मावशी ऐकत होती. देठं एका बाजूला, मिरच्या दुसऱ्या. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "जमीन इकायची न्हाय."

"मावशी, भाव तर ऐका."

"भाव मी कवा इचारला? माझी वांगी हायत तिथं. तुमी वांग्यांवरशी गारी नेनार?"

मेहुणा मग दुखावला. सेक्रेटरी माणसाला नकाराची सवय नसते. "बघा, रस्ता हा प्रत्येक जमिनीचा हक्क असतो. कायदा आहे. आमची जमीन काय, कोंडून ठेवणार तुम्ही?"

मावशीने मिरच्यांचं सूप खाली ठेवलं. ती पहिल्यांदा हसली आणि ते हसू मला अजून आठवतं. तसं हसू मी फक्त माझ्या बायकोच्या तोंडावर पाहिलंय, मी ड्रिल मशीन हातात घेतो तेव्हा.

"ओ शेट," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीचा दगुड काय आभालातशी परला?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं.

"टेंपो भरभरून दगुड आला. रेती आली, शिमिट आली. माझ्या वांग्यातशी आली का?"

खरंच, कुठून आलं? आम्ही दर रविवारी त्या बांधावरून एकामागे एक, तोल सांभाळत जायचो, वाढणारी भिंत बघून खूश व्हायचो आणि तसेच परत यायचो. टनावारी दगड आत आला कसा, हा प्रश्न दोन पदवीधरांच्या डोक्यांत कुठेच उगवला नव्हता.

मावशीने सांगितलं ते असं. आमच्या जमिनीच्या मागच्या अंगाला जुनी गाडवाट आहे, बैलगाड्यांची. तळ्यावरून येते, आमच्या तुकड्यात शिरते. अख्खा गाव तिथून ये-जा करायचा. ती स्वतः रोज वांग्यांतून आमच्या गवतातून त्या वाटेने तळ्याकडच्या देवळात जायची. कॉन्ट्रॅक्टरने सगळं सामान त्याच वाटेने आणलं आणि शेवटी बाहेर पडताना ती बाजू बंद केली. कारण त्याला सांगितलं होतं, चारी बाजू. आम्हीच सांगितलं होतं.

"भीत बांधली तवापासून मी देवलात गावाला वळसा घालून जातंय," ती म्हणाली. "या गुडघ्यांनी."

मी विचारलं, "मावशी, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी इचारलं? दर आयतवारी यायचं, मोबाइल तोंडाफुडं धरून हसायचं नि जायचं. मी बोलले, बघू येडेपना कुठवर जातंय. फाटक लावलं, तवा समजलं. लय लांब जातंय."

काजूकतली तिने घेतली नाही. "नातवांना डायबिटीस करता काय," म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

परत येताना भाईंदर स्टेशन आलं. मेहुणा म्हणाला, "मागची भिंत तोडायची म्हणजे सिक्युरिटीचा पूर्ण कॉन्सेप्टच जातो." रात्रीच्या जेवणाला तो आमच्याकडेच होता, तेव्हा त्याने हेच बाबांसमोर मांडलं. गाव आत-बाहेर करणार, कोणीही येणार, उद्या झोपडी टाकेल कोणी. मी नेहमीसारखी मान हलवणार होतो. बाबा वरणभात कालवत होते. त्यांनी मेहुण्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आत काय आहे तुझं, जे चोरीला जाईल?"

मी आठवून बघितलं. शेवगा होता, पण तो आडवा.

बायको भावाला म्हणाली, "दादा, तू तुझ्या सोसायटीत पाहिजे तेवढ्या भिंती बांध. ही जमीन ह्यांच्या नावावर आहे." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नावाचा काही उपयोग झालेला मी तेव्हा प्रथमच पाहिला.

त्याच आठवड्यात मागची भिंत रिक्षा जाईल एवढी फोडली. बाबा तळ्यावरून, गाडवाटेने, थेट आत आले. रिक्षातून उतरून वॉकर टेकवला, तर चारही पाय जमिनीवर. खड्डा मी खणला. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी तो किती वाईट खणतोय ते सांगत होते. बादली कापून रोप बाहेर काढलं आणि त्यांनी वाकून, माझा खांदा धरून, ते स्वतः खड्ड्यात ठेवलं. माती स्वतः ओढली. मला हात लावू दिला नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मावशी वांग्यांतून आत आली, हातात पूजेचं ताट. फाटकाला कुलूप लावायचं नाही, असं तिने भिंत फोडली त्याच दिवशी बजावलं होतं. चालता चालता तिने रोपाकडे बघितलं.

"रातांबा? बियाचा?"

"बियाचा," बाबा म्हणाले.

"नर निघंल. फल न्हाय यायचं."

"निघू दे," बाबा म्हणाले. "सावली तर देईल."

"ती तरी तुमच्या पोराच्या हातशी मरली न्हाय तं," असं म्हणून ती भगदाडातून देवळाकडे गेली. बाबा खूप वेळ हसत होते. माझ्याबद्दल त्या दोघांचं इतक्या लवकर एकमत व्हायची काही गरज नव्हती.

मेहुणा अजून त्या फाटकाला मेन गेट म्हणतो. येताना बिजागऱ्यांसाठी तेलाची बाटली घेऊन येतो. मागची भिंत फोडल्यापासून त्या फाटकातून आमच्यापैकी कोणी गेलेलं नाही. रोज सकाळी फक्त मावशी जाते, आणि कुरकुरलं तर आम्हाला ऐकवते.