पंधराव्या ठिपक्याची जागा

आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हस्तलिखितात मी काही लिहावे, ही खरे तर आगळीकच आहे. या अंकात आजवर ज्यांनी लिहिले त्यांच्या घरी दोन-दोन पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती कशी चढलो हे सांगू गेल्यास अभिमानापेक्षा संकोचच अधिक वाटतो. संपादकांनी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा नाही म्हणण्याचा धीर झाला नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. जिथे वाक्य अडखळेल तिथे लिहिणाराही अडखळला होता, असे समजावे.

कलकत्त्यातल्या सियालदह स्टेशनजवळच्या ज्या मेसमध्ये मी राहतो तिच्या दाराशी एक पानवाला बसतो. सकाळी तो मातीच्या मडक्यात कळीचा चुना विरवतो. पाणी पडताच चुना फसफसतो, आणि त्याचा उष्ण, ओलसर, नाकाला किंचित झोंबणारा वास जिना चढून माझ्या खोलीपर्यंत येतो. मेसमधले इतर लोक खिडकी लावून घेतात. मी उघडी ठेवतो. त्या वासाबरोबर बेहालातली आमची भाड्याची खोली, कोपऱ्यातली काळी पत्र्याची ट्रंक आणि त्या ट्रंकेशी पाठमोरी बसलेली आई मला दिसू लागते. गेले काही दिवस तर फारच. कारण बावीस दिवस झाले, मी नागपूरहून येणाऱ्या एका पत्राची वाट पाहत आहे, आणि पोस्टमन रोज मान हलवून पुढे जातो.

वडिलांची रेल्वेच्या कचेरीत कारकुनी. बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो त्याच वर्षी धाकट्या बहिणीला विषमज्वर झाला. ती वाचली, पण डॉक्टर, औषधे, बर्फ आणि मोसंबी यांच्यापायी आईच्या दोन पाटल्या बेहालातल्या एका सोनाराकडे गहाण पडल्या. त्या तिच्या आईच्या. महिना पंधरा रुपये असे छत्तीस हप्ते ठरले. सोनार बंगाली, वयस्क, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे दोरा बांधलेला. त्याची अट एकच होती: थकलेले हप्ते कधीही तीन होता कामा नयेत. तीन झाले की सोने मुशीत जाईल. हे त्याने अगदी सौम्यपणे सांगितले होते, म्हणून ते अधिकच भयंकर वाटले.

छत्तीस महिने म्हणजे किती, हे आईला आकड्यात समजत नव्हते असे नाही. पण आकड्याकडे पाहून रोज पोट आवळता येत नाही, हे तिला ठाऊक असावे. पहिला हप्ता दिला त्या दिवशी तिने ट्रंक उघडली, झाकणाच्या आतल्या काळ्या पत्र्यावर काडीने चुन्याचा एक पांढरा ठिपका दिला आणि म्हणाली, "सहा ओळी, सहा ठिपके. सगळे ठिपके झाले की रेघा जोडू." बहिणीने विचारले, कुंकवाचे का नाही देत? आई म्हणाली, "कर्जाला कुंकू लावायचं नसतं. रेघा ओढीन त्या कुंकवाच्या." दारातल्या रांगोळीचे ठिपके आधी द्यायचे आणि मग रेघा जोडायच्या हे आपल्या घरोघरी चालते, पण तीन वर्षे चालणारी, बंद झाकणात वाढणारी रांगोळी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ओळ पुरी झाली की त्या दिवशी गुळाची पोळी. मधले पाच महिने मात्र घर नुसते त्या पोळीच्या वाटेवर चालत असे. वडिलांनी ट्रामचा दुसरा वर्गही सोडला आणि खिदिरपूरच्या कचेरीपर्यंत पायी जाऊ लागले. एकच पाते काचेच्या पेल्यात आतून घासून ते महिनाभर दाढी करीत. चहा अर्धा कप झाला. दुर्गापूजेच्या दिवसांत गल्लीतली सगळी मुले नव्या कपड्यांत फिरत, तेव्हा माझी बहीण जुन्याच फ्रॉकला उलटी कॉलर शिवून मिरवीत असे, शेजारणीने विचारले तर म्हणे, "आमच्याकडे ट्रंकेत रांगोळी चाललीय, ती झाली की!" शेजारीण बिचारी काही न समजता मान डोलावी.

हप्ता नेऊन देण्याचे काम माझ्याकडे होते. मी पैसे द्यायचे, सोनार वहीत टिपायचा, मी घरी येऊन नुसते "दिले" म्हणायचे आणि आई ठिपका द्यायची. पावती कधी मागितली गेली नाही. माझा शब्द हीच पावती होती.

पंधराव्या महिन्याची गोष्ट. इंटरच्या परीक्षेची फी भरण्याचा तो शेवटचा दिवस. फी किती, ते मी घरी सांगितले होते आणि तेवढी वडिलांनी दिलीही होती. पण फी भरताना मागचे सारे थकलेले पैसे आधी भरावे लागतात, नाहीतर नाव पुढे जात नाही, हे मला माहीत नव्हते. विचारणार कोणाला? घरात कोणी त्या खिडकीसमोर कधी उभे राहिलेच नव्हते. खिडकीमागचा कारकून म्हणाला, "चौदा रुपये कमी आहेत. चार वाजता खिडकी बंद." तीन वाजून गेले होते. बेहालाला जाऊन परत येणे शक्य नव्हते. आणि माझ्या आतल्या खिशात, सुईने टाचलेले, सोनाराचे पंधरा रुपये होते. सुई काढताना बोटाला टोचली, एवढे मला आठवते. बाकी आठवते ते घरी आल्यावर आईने पाठमोऱ्यानेच विचारलेले "दिलेस ना रे?" आणि माझे "दिले". मग ट्रंकेच्या बिजागरीचा आवाज. मग तो चुन्याचा वास.

दुसऱ्या दिवशी मी सोनाराकडे गेलो आणि दोन महिन्यांत भरतो, घरी सांगू नका, म्हणून विनवले. त्याने दोरा बांधलेला चष्मा कपाळावर चढवला. "खोका," तो म्हणाला. बंगालीत घरच्या मुलाला अशी हाक मारतात, आणि ती हाक मला मारापेक्षा जास्त लागली. "खोका, मी सांगणार नाही. पण माझी वही खोटं बोलत नाही हं. तिथे जागा रिकामीच राहील." मी एक शिकवणी धरली. महिन्याला तीन रुपये. त्यातलेही कधी कॉलेजच्या वह्यांना जात, कधी बुटाच्या तळव्याला. अठरावा ठिपका पडला, तिसरी ओळ पुरी झाली, आईने हंगामातल्या शेवटच्या खजुराच्या गुळाची पोळी केली. बहीण म्हणाली, "दादा, तुझी पोळी थंड होतेय. का कॉलेजात आता पोळ्या खात नाहीत?" वडील हसले. मी ती पोळी गिळली. गोड काहीच लागले नाही. झाकणात माझा ठिपका इतरांइतकाच पांढरा दिसत होता, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटत होती.

पावसाळ्यात वडिलांना मलेरिया झाला. पगार अर्धा आला. तेव्हा आईने, शांतपणे, विचार करून, बाविसावा हप्ता थांबवला. पुढच्या महिन्यात ताप उलटला आणि तिने तेविसावाही थांबवला. माझ्यासमोर बोटांवर मोजून म्हणाली, "दोन राहिले तरी सोनाराचं काही म्हणणं नाही. तिसरा राहू द्यायचा नाही एवढंच. आधी यांची औषधं." तिचा हिशेब अगदी बिनचूक होता. चूक माझ्यामुळे होती. तिला जे दोन वाटत होते ते वहीत तीन होते. मी धावत सोनाराकडे गेलो. माझ्याजवळ साठलेले सहा रुपये त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते मोजले आणि परत माझ्याकडे सरकवले. "सहा म्हणजे पंधरा नव्हे, खोका. महिनाअखेरपर्यंत मी थांबतो. त्यापुढे नाही, माझ्यावरही मालक आहे."

महिनाअखेरीला चार दिवस होते. त्या चार दिवसांतले पहिले दोन मी काय केले ते आता सांगवत नाही. पुस्तके विकावी का, कोणाकडे मागावे का, असे करीत नुसता ट्रामच्या रुळांच्या कडेने हिंडलो. तिसऱ्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. वडील पलीकडे पांघरुणात. मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात सगळे सांगितले. ती निवडायची थांबली नाही. सूप रिकामे झाल्यावर उठली, ट्रंक उघडली, पदराचे टोक ओले केले आणि तिसऱ्या ओळीतला तिसरा ठिपका पुसून टाकला. पत्रा तेवढाच काळा झाला.

"मारणार नाहीस का?" मी विचारले. हे किती पोरकट होते ते आता कळते.

"मारून पंधरा रुपये होतात का?" ती म्हणाली. मग, अजून झाकणाकडेच पाहत, "शिकायला गेलास ते मला हवंच होतं. मागितले असतेस तर मी एक ओळ उशिरा केली असती. पण तू मला माझ्याच हाताने खोटा ठिपका द्यायला लावलास." आणि शेवटी, "ही जागा आता मी भरणार नाही. तुझ्या कमाईचे पंधरा आण, मग पाहू."

संध्याकाळी ती माझ्याबरोबर सोनाराकडे आली. बंगाली तिला बाजारापुरते येत होते. किराण्याचे राखलेले पंधरा रुपये तिने काउंटरवर ठेवले आणि बाविसाव्या महिन्याकडे बोट दाखवले, पंधराव्याकडे नाही. सोनाराने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि वहीत टिपले. थकलेले पुन्हा दोनच राहिले. पुढचे तीन आठवडे आमच्या घरी दोन्ही वेळा पिठले होते. "आज काय, पिठलं?" बहीण ताटावर बसताना रोज विचारी, "छान! मला वाटलं आज पिठलंच असेल." वडील बरे झाल्यावर एकदा त्यांनी ट्रंक उघडली. ती पुसलेली जागा त्यांना दिसली असणार. ते बराच वेळ तिथे बसले, मग झाकण लावून कामाला गेले.

पुढे त्यांची नागपूरला बदली झाली. ट्रंक गेली, तिच्यातली रांगोळी गेली, आणि बी.ए. पुरे करण्यासाठी मी एकटा या मेसमध्ये राहिलो. वडील दरमहा मनिऑर्डरने हप्ता, आणि एकदा थकलेला तेविसावाही, पाठवीत, मी सोनाराकडे भरीत असे, आणि आता पावती घेऊन ती पाकिटातून घरी पाठवीत असे. पंधरावा मात्र माझाच होता. पहाटे सियालदहच्या घाऊक बाजारात एका आडत्याकडे मी भाजीच्या टोपल्यांच्या चिठ्ठ्या लिहू लागलो. येता-जाता स्टेशनात फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे दिसत. फलाटावरच त्यांची चूल, त्यांची धुणी, आणि मध्ये एखादी ट्रंक, जिच्यावर घरातले कोणीतरी नेहमी बसलेले असे. त्या ट्रंकांच्या झाकणात आतून काय असेल, असा विचार माझ्या मनात येई. आमची अडचण त्यांच्यापुढे काहीच नव्हती, हे मला कळे. तरी कळल्याने माझी पुसलेली जागा भरत नसे. मी चिठ्ठ्या लिही. थंडीत बोटे वळत नसत, तेव्हा काळ्या पत्र्यावरची ती पुसलेली जागा डोळ्यांपुढे आणी. मला वाटते, पांढऱ्या ठिपक्यांनी जेवढा धीर दिला नसेल तेवढा त्या रिकाम्या जागेने दिला.

गेल्या महिन्यात मी सोनारापुढे पंधरा रुपये ठेवले. त्याने वही पुढे ओढली, पंधराव्या ओळीत लिहिले, आणि पाटल्या काढून माझ्यासमोर तराजूत तोलल्या. "बघून घे खोका, गुंजभरही कमी नाही." मग चष्मा पुसत म्हणाला, "आई आली नाही?" मी म्हटले, नागपूरला असते. तो म्हणाला, "तिला सांग, वही भरली."

आपल्या मंडळातल्या एक काकू नागपूरला निघाल्या होत्या, त्यांच्या हाती मी पाटल्या दिल्या. त्यानंतर एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. प्रवासात काही झाले असेल, काकू आजारी असतील, पाटल्या पोचल्या पण घरी काही वाईट घडले असेल. रिकाम्या मनाला काय काय सुचते ते वाचणाऱ्याला सांगायला नको. हा लेख मी त्या वाट पाहण्यातच लिहायला घेतला, आणि काळ माणसाचे काय ठेवतो, काय पुसतो, अशा काही वाक्यांनी तो संपवायचे ठरवले होते.

ती वाक्ये आता लिहीत नाही. आज दुपारी कार्ड आले. वडिलांचे अक्षर, नेहमीसारखे चार ओळींचे: "काकू वाटेत त्यांच्या बहिणीकडे थांबल्या होत्या, म्हणून उशीर. पाटल्या काल पोचल्या. आईने त्या घातल्या नाहीत, ट्रंकेत ठेवल्या आहेत. चुना भिजवून ठेवते म्हणाली. परीक्षा देऊन ये, पंधरावा ठिपका तू द्यायचास, मग ती रेघा ओढील."